कासव आणि ट्रकवाले

बुधवार, रात्रीचे साडेअकरा.

जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' पुन्हा वाचायला काढलीय. १९३९ सालची कादंबरी. कॉलेजात असताना त्यातल्या 'जोड' आडनावाच्या कुटुंबाचं पुढे काय होतं एवढ्याच ओढीने उरकली होती. मधली छोटी प्रकरणं, ज्यांत गोष्ट पुढे सरकत नाही, ती चक्क गाळली होती. यंदा नेमकी तिथेच अडकतेय.

तिसऱ्या प्रकरणात फक्त एक कासव रस्ता ओलांडतं. एक बाई गाडी घेऊन येते. कासव दिसताच ती गाडी रस्त्याखाली घालते, धुरळा उडतो, पण कासव वाचतं. मग ट्रक येतो. ट्रकवाल्यालाही कासव दिसतं, आणि तो मुद्दाम त्याच्या अंगावर गाडी घालतो. चाक कवचाच्या कडेला लागतं आणि कासव टिकलीसारखं उडून रस्त्याबाहेर उताणं पडतं.

परवा इथे पुस्तक मिटलं ते मिटलंच.

पुढचं सगळं मला ठाऊक आहे. ओक्लाहोमातली जळालेली पिकं, बँकांनी घेतलेल्या जमिनी. कॅलिफोर्नियात भाव पडू नयेत म्हणून संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल मारतात, बटाटे नदीत ओततात, वर उपाशी माणसांनी ते काढू नयेत म्हणून काठावर पहारा. भयंकर आहे, पण त्यात कुणाचा तरी हिशेब आहे. कुळांची घरं पाडणारा ट्रॅक्टरवाला तर गावातलाच पोरगा. रोजाचे तीन डॉलर मिळतात, घरी बायकापोरं आहेत म्हणतो. त्याचा राग येतो आणि त्याचं म्हणणं पटतंही. त्या ट्रकवाल्याला काय मिळालं? हाच प्रश्न दोन दिवस भाजी निवडतानासुद्धा डोक्यात होता.

कासव मात्र धडपडत सुलटं होतं. कवचात अडकलेलं रानटी ओटचं कणीस खाली पडतं, तीन दाणे मातीत रुततात, आणि जाता जाता त्याच्याच कवचाने त्यांच्यावर माती ओढली जाते. त्याला पत्ताही नसतो.

आज पंधरावं वाचलं. ६६ नंबरच्या हायवेवरचं हॉटेल, गल्ल्यावर मे नावाची बाई. एक फाटका माणूस दोन पोरांना घेऊन दहा सेंटचा पाव मागतो. पाव पंधराचा. मे आधी कुरकुरते, आतून आचारी ओरडतो, मग ती अख्खा पाव दहाला देते. पोरं पेपरमिंटच्या कांड्यांकडे श्वास रोखून बघत असतात. पेनीला, म्हणजे एका सेंटला दोन, ती सांगते. खरं तर एकेक पाच सेंटची. ते गेल्यावर काउंटरवरचे दोघं गिऱ्हाईक उठतात आणि बिलापेक्षा कितीतरी जास्त पैसे ठेवतात. सुटे घ्या म्हटलं तर उलट तिलाच दटावून निघून जातात.

तेही ट्रकवालेच! स्टाइनबेकने हे जाणूनबुजून केलं की कसं, देव जाणे. मला मात्र हसूच आलं.

जोडांचे आजोबा तेराव्या प्रकरणातच गेले. आजीकडे अजून तीन प्रकरणं आहेत. आज नको, उद्या बघू.