हार्बर लाइन, पूर्वेची खिडकी: व्हीटी ते वडाळा

मुंबईची रेल्वे बघायला आलेला माणूस सहसा व्हीटीचा, म्हणजे आताच्या सीएसएमटीचा, फोटो काढतो, रस्ता ओलांडून समोरून आणखी एक काढतो आणि परततो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. १८८८ साली पुरं झालेलं, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्याचं आणि २००४पासून जागतिक वारसा यादीत असलेलं ते स्टेशन आहेच तसं. पण तो घराचा दिवाणखाना झाला. कोठार आणि परसदार बघायचं असेल तर एक किंवा दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून हार्बरची लोकल पकडायची, उजव्या हाताची म्हणजे पूर्वेची खिडकी धरायची आणि ज्या स्टेशनांवर आपण एरवी कधीच उतरत नाही तिथे उतरायचं.

मी मामांना बरोबर घेतलं होतं. त्यांची सगळी नोकरी बीपीटीच्या, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत, शंटिंगला (डबे जोडण्या-तोडण्याच्या कामाला) गेली. बाहेरच्या बऱ्याच जणांना बीपीटीची स्वतःची रेल्वे होती हेच ठाऊक नसतं. मुंबई बंदराची पोर्ट ट्रस्ट १८७३ साली स्थापन झाली आणि १ जानेवारी १९१५ला तिची स्वतःची रेल्वे सुरू झाली, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. गोद्यांमधल्या, बंदरांवरच्या आणि वखारींमधल्या वाघिणी गोळा करायच्या, वडाळ्याच्या यार्डात आणायच्या आणि तिथून जीआयपी किंवा बीबीसीआय या तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांच्या ताब्यात द्यायच्या, हे तिचं काम. लोकलने जाताना डाव्या हाताला शहर दिसतं आणि उजव्या हाताला या रेल्वेचा मुलूख. आपण ज्या लाइनला गर्दीसाठी शिव्या घालतो ती याच मुलखाच्या काठाकाठाने गेली आहे. माल आधी आणि माणसं मागाहून, हा तिचा क्रम लक्षात ठेवला की पुढचं सगळं उलगडत जातं.

सुरुवात पायी करा. व्हीटीच्या अठरा नंबर प्लॅटफॉर्मकडून पी. डिमेलो रोडवर बाहेर पडता येतं. गोदी कामगारांचे पुढारी डिमेलो यांचं नाव मिळायच्या आधी हा फ्रिअर रोड होता. दक्षिणेकडे रमतगमत चाललं की बॅलार्ड इस्टेट येते. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीची भर घालून ही जमीन तयार झाली आणि तिच्यावर जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली एका उंचीच्या, एका वळणाच्या दगडी कचेऱ्या उभ्या राहिल्या. गेटवेही विटेट यांचंच. गोदी आणि ती कचेऱ्यांची वस्ती एकाच खड्ड्यातून निघाली, असं मामांना वाटतं, आणि ते खरंच आहे.

इथे बॅलार्ड पिअरला मोल स्टेशन होतं. आता त्याचा मागमूस नाही. विलायतेची टपालबोट धक्क्याला लागली की उतारूंनी सामानासकट थेट गाडीत बसायचं आणि गाडी बंदराच्या रुळांवरून शहराला वळसा घालून उत्तरेकडे निघायची. १ सप्टेंबर १९२८ला सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथूनच पेशावरला सुटत असे. आजची गोल्डन टेंपल मेल ती हीच. २८ डिसेंबर १९३१ला गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी बॅलार्ड पिअरलाच उतरले. त्या सकाळी स्वागताचे हार घेऊन आलेली माणसं होती, तशी काळे झेंडे घेऊन आलेली आंबेडकरांची माणसंही होती, आणि दोन्ही बाजूंमध्ये झटापट झाली. अशा जागेवर एखादी पाटी हवी होती. धक्क्याकडे जाणाऱ्या फाटकापाशी सुरक्षारक्षक उभे असतात. आत सोडत नाहीत आणि फोटोही काढू देत नाहीत. हुज्जत घालू नका. बाहेरच्या रस्त्यांवरच्या इमारती बघायला तास पुरत नाही. पोटाची सोय दुपारी ब्रिटानियात बेरी पुलाव खाऊन करा. रविवारी मात्र ते उघडं असेलच असं धरून चालू नका.

मग मागे येऊन लोकल पकडा. मस्जिद सोडली की गाडी उंचावर चढते आणि सँडहर्स्ट रोडला हार्बरचे प्लॅटफॉर्म वर, मेन लाइनचे खाली, असा दुमजली प्रकार दिसतो. हा उंचावरचा तुकडा मागाहून जोडलेला आहे. कुर्ल्याकडून आलेली लाइन १९१०पासून रे रोडलाच संपत होती. तिथून व्हीटीपर्यंत दाट वस्तीच्या डोक्यावरून लोहमार्ग नेला गेला आणि ३ फेब्रुवारी १९२५ला याच मार्गावरून, व्हीटी ते कुर्ला, देशातली पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिला निशाण दाखवलं. पंधराशे व्होल्टचा तो डीसी प्रवाह या लाइनवर एप्रिल २०१६पर्यंत टिकला. मुंबईतली शेवटची डीसी लोकलही हार्बरवरच धावली. शताब्दी झाली तेव्हा व्हीटीला समारंभ झाले, पण ज्या पुलावरून ती गाडी गेली त्याच्याखालून चालणाऱ्याला आजही याचा पत्ता नसतो.

डॉकयार्ड रोडला उतराच. वेळ कमी असेल आणि एकच स्टेशन निवडायचं असेल, तर हेच. स्टेशनला लागून भंडारवाडा टेकडी आहे. पाण्याच्या टाक्यांवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान केलेलं आहे. टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा ते हेच. पूर्वी इथे माझगावचा किल्ला होता. चढ थोडा आहे, पण वर गेलं की अख्खं बंदर समोर पसरतं: माझगाव डॉकच्या क्रेन, उभ्या केलेल्या युद्धनौका, पलीकडे उरणचा डोंगर. सकाळी जा. दुपारनंतर धुरकट होतं आणि समोरचं काही नीट दिसत नाही.

इथूनच दक्षिणेकडे बघून मामांनी व्हिक्टोरिया डॉकची जागा दाखवली. प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक आता भराव टाकून बुजवले आहेत, त्यामुळे दाखवायचं म्हणजे हवेतच बोट दाखवायचं. १४ एप्रिल १९४४ला तिथे फोर्ट स्टिकीन बोट लागली होती. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या. एकमेकांशेजारी ठेवू नयेत अशा या दोन गोष्टी. कापसाने पेट घेतला आणि चारनंतर पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. एकूण बळींचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. बोटीवर सोन्याच्या विटाही होत्या आणि त्या कितीतरी वर्षं गाळात सापडत राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोक सोन्यावर फार रेंगाळतात. मामा रेंगाळले ते रुळांवर. "अगं, धक्का गेला तरी माल थांबत नाही. रूळ आधी जोडावे लागतात, शेड मागाहून." दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो याच जवानांसाठी.

टेकडी उतरून पूर्वेला गेलं की भाऊचा धक्का. मासळी बाजार बघायचा असेल तर पहाटे उजाडायच्या आधी जायला हवं. नंतर गेलात तर रेवस आणि मोऱ्याच्या लाँची बघा. कोकणातला चाकरमानी बोटीने इथे उतरायचा आणि गिरणीत किंवा गोदीत लागायचा. माझ्या आजोबांचा मार्गही हाच. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली रामदास बोट इथूनच सुटली होती. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. घरात अजूनही कोणी पावसात बोटीचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प होतात.

रे रोडला मी फार वेळ घालवणार नाही. बाहेर दारूखाना आहे, भंगाराचा आणि जहाजतोडणीचा भाग. लोखंडाच्या पत्र्यांचे ढीग, जाड साखळ्या, बोटीवरून उतरवलेली भांडी आणि दरवाजे विकणारी दुकानं, सगळं आहे. बघायला भारी, पण ट्रेलरांची वर्दळ सतत आणि फुटपाथ नावालाच. लहान मुलं बरोबर असतील तर हा टप्पा गाळा. डांबरात अर्धवट बुजलेले रूळ इथल्या रस्त्यांवर अजून भेटतात. त्यांवरून इंजिन जायचं तेव्हा पुढे लाल झेंडा घेऊन एक माणूस चालायचा, आणि ते काम कंटाळवाणं म्हणून कोणालाच नको असायचं, असं मामा म्हणाले.

कॉटन ग्रीनला स्टेशनबाहेर कापूस बाजाराची आर्ट डेको इमारत आहे आणि आजूबाजूला वखारींच्या रांगा. कापसाचा व्यापार आधी कोटात, म्हणजे फोर्टात, मग कुलाब्याला होता. शहराच्या कोंडीतून आणि आगीच्या धोक्यातून तो काढून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे भराव घातलेल्या जमिनीवर आणला. आणण्याचं कारण रूळच. खामगाव, अमरावतीकडचा कापूस जीआयपीने यायचा, वडाळ्याला वाघिणी तोडल्या जायच्या आणि थेट वखारीच्या फलाटाला लागायच्या. तिथून काही गासड्या गोदीत जायच्या, काही पश्चिमेला पायी अंतरावर असलेल्या गिरण्यांत. जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि वखारींतला कापूसही गेला. गिरणगावाबद्दल आपण भरपूर लिहितो. त्या गिरण्यांच्या तोंडात घास घालणाऱ्या या वखारींबद्दल आणि तिथे गासडी पाठीवर घेणाऱ्या माथाड्यांबद्दल फारच कमी. इमारतीत आत जायचं असेल तर दारावर विचारा. बाहेरून बघायला कोणी हरकत घेत नाही.

शिवडीला लोक फ्लेमिंगोंसाठी येतात. नोव्हेंबर ते मे हा काळ, आणि भरतीच्या आगेमागे दोन तास. ओहोटीला पक्षी लांब चिखलात जातात आणि दुर्बिणीशिवाय गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा. अटल सेतूचं एक टोक इथेच उतरतं. किल्ला छोटा आहे. त्यावरून खाली बंदराची जमीन चांगली समजते, म्हणून चढा.

तिकिटाचं आधी ठरवून घ्या. लोकलच्या साध्या तिकिटावर मधे उतरून पुन्हा चढता येत नाही. प्रत्येक स्टेशनला रांग लावण्यापेक्षा दिवसभराचं टुरिस्ट तिकीट घ्या. सकाळी व्हीटीहून उलट दिशेला निघाल्यामुळे गर्दी नसते. परतताना संध्याकाळी पाचच्या आत व्हीटी गाठलीत तर बरं. रविवार टाळा, कारण हार्बरवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो आणि नेमका भरदुपारचा. शनिवार उत्तम. पाणी बरोबर ठेवा, बंदराच्या रस्त्यांवर सावली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येऊच नका. चुनाभट्टी-कुर्ल्याला पाणी भरलं की सगळी लाइन अडते.

वडाळ्याला पुलावर उभं राहून पूर्वेला यार्डाचा पसारा बघता येतो. मामा तिथे बराच वेळ उभे होते, कोणती लाइन कुठे जायची ते सांगत. १९२५चा तो पहिला विजेचा मार्ग पुरा करायचा असेल तर इथे थांबू नका, पुढे कुर्ल्यापर्यंत जा. फक्त इंडिकेटर नीट वाचा: वडाळ्याला लाइन फुटते, कुर्ल्याला जायला पनवेलची गाडी लागते. गोरेगावच्या गाडीत बसलात तर माहीमकडे जाल.