पंधरा दिवस की पंचेचाळीस?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. कामात कुणाला बोट ठेवायला जागा नसते, पण पैसे मागायचे म्हटलं की माझी जीभ जड होते. पुण्याच्या एका कंपनीकडं तीन बिलं सहा महिने अडकलेली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं, "सर, पेमेंटचं तेवढं बघा की," आणि तिकडनं नुसता अंगठा.

मुलगी डिप्लोमाला आहे. ती म्हणाली, "पप्पा, चॅटजीपीटीला सांगा की." सोमवारी सुट्टी, निवांत होतो. मराठीत बोलूनच सांगितलं, त्यानं इंग्रजी पत्र काढून दिलं. पण काय पत्र! कायदेशीर कारवाईची धमकी तीनदा. हे पाठवलं असतं तर काम शेजारच्या गाळ्यात गेलं असतं. जरा मऊ कर म्हटलं, तर इतकं गोड झालं की जणू देणं आमच्याच अंगावर आहे. मग सगळंच सांगितलं: अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, परचेसच्या मॅडम चांगल्या आहेत, अडतंय ते अकाउंट्समध्ये. बिल नंबर, माल पोचवल्याच्या चलनाच्या तारखा दिल्या. तिसरं पत्र मात्र मी स्वतः लिहिल्यासारखं वाटलं.

त्यात एक ओळ होती, पैसे ४५ दिवसांत देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाठवायच्या आधी सीएंना दाखवलं, बरं झालं. ते म्हणाले, "लेखी करार आहे का?" कसला करार, सगळं फोनवर. "मग मुदत १५ दिवसांची. करार असला तर त्यात ठरलेली, पण ४५ च्या पुढं नाही." लहान उद्योगांसाठीचा हा एमएसएमईडी कायदा २००६ चा, लहान उद्योगाची सरकारी नोंद म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशनही आमचं आहे, आणि ही गोष्ट मला आता कळतेय! उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. व्याजाचं नका लिहू, म्हणाले. त्याऐवजी एवढंच घाला की मुदतीत पैसे दिले नाहीत तर बिलाचा खर्च तुम्हाला इन्कम टॅक्सला ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी धरता येतो. अकाउंट्सवाल्याला तेवढं पुरतं.

फेब्रुवारीत पत्र गेलं. मार्च संपायच्या आत दोन बिलं जमा.

मग माझी भीड चेपली. एका ब्रॅकेटचं कोटेशन करताना वजनही चॅटजीपीटीलाच काढायला लावलं. (गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग टाकलं नाही, ते आपलं नव्हे. मापं तेवढी सांगितली.) उत्तर आलं साडेचार किलो. वडिलांनी जुना नमुना हातात तोलला. "हे साडेचार? चारच्या आसपास लागतंय." काट्यावर ४.१. त्यानं घनता स्टीलची धरली होती, ७.८५. आमचं कास्टिंग ग्रे आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड, ७.२ च्या आसपास. मटेरियल कुठलं ते मीच सांगितलं नव्हतं. किलोमागं दर लावून कोटेशन गेलं असतं तर आम्ही उगीच महाग ठरलो असतो.

आता वजन आम्ही काढतो, इंग्रजी तो लिहितो. तिसऱ्या बिलासाठी त्यांनी चलनाची कॉपी पुन्हा मागितलीय. चौथ्यांदा.