आईने काहीच टाकलं नव्हतं : बेसबॉल कार्डांची किंमत काढतानाचा माझा अनुभव

आधीच सांगतो, घरात जुनी बेसबॉल कार्डं सापडली म्हणजे लॉटरी लागली असं अजिबात नाही. अधूनमधून बातम्या येतात, २०२२ च्या ऑगस्टमध्ये मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड १२.६ मिलियन डॉलरला गेलं, त्याच महिन्यात होनस वॅग्नरचं सिगरेटच्या पाकिटातलं शंभर वर्षांपूर्वीचं कार्ड ७.२५ मिलियनला गेलं, आणि मग माझ्यासारखे पन्नाशीकडे झुकलेले लोक एकदम तळघरात शिरतात. माझ्याबाबतीत निमित्त वेगळं होतं, आई-बाबांनी जर्सी सिटीचं घर विकायला काढलं आणि आईचा फोन आला, "अरे, तुझे ते खेळाडूंचे फोटो आहेत खोकी भरून, ते कधी नेतोयस? एजंट बाई म्हणते तळघर रिकामं दिसलं पाहिजे."

आम्ही ठाण्याहून तिकडे अमेरिकेत गेलो १९८६ मध्ये, माझी पाचवी नुकतीच झाली होती, मराठी मिडियम, त्यामुळे इंग्रजीच्या नावाने बोंब. त्याच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स टीमने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि वर्गात पोरं दुसरं काही बोलायचीच नाहीत. डॅरिल स्ट्रॉबेरी, ड्वाइट गुडन, बस. कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस सेंटला टॉप्सचं मेणकागदाचं पाकीट मिळायचं, आत कार्डं आणि एक गुलाबी च्युइंगमची पट्टी, ती इतकी कडक की दाताखाली धरली की तुकडेच व्हायचे आणि त्याची पावडर कार्डाला लागायची ती वेगळीच. १९८७ च्या टॉप्सला लाकडी फळीसारखी दिसणारी बॉर्डर होती, ७९२ कार्डांचा सेट, त्यात बॅरी बाँड्स, मार्क मॅग्वायर सगळे कोवळ्या चेहऱ्याचे. मला कार्डाची मागची बाजू जास्त आवडायची कारण तिथे सगळे आकडे असायचे आणि आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही. फक्त .३०० म्हणजे भारी बॅट्समन हे काही केल्या पटेना, दहातल्या सात वेळा आउट होणारा माणूस ग्रेट कसा, आमच्या गावस्करची सरासरी एक्कावन्न! ते समजायला एक अख्खा सीझन गेला.

मग १९८७ चा उन्हाळा आला. जर्सी सिटीत तेव्हा काय चाललं होतं ते आता फार जणांना माहीत नसतं. डॉटबस्टर्स म्हणवणाऱ्या टोळीचं पत्र तिथल्या पेपरात छापून आलं होतं, भारतीयांना शहरातून हाकलू म्हणून, आणि कुंकू-टिकली लावलेली बाई दिसली की त्रास द्यायचा असा प्रकार होता. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. आई बाहेर पडताना टिकली काढून आरशाला चिकटवून ठेवायची आणि घरी आली की परत लावायची. मला संध्याकाळी बाहेर सोडत नव्हते. मग मी तळघरात बसून कार्डं लावायचो, टीमप्रमाणे, मग नंबरप्रमाणे, मग परत टीमप्रमाणे.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे, रेल्वे यार्डातून रिटायर झालेले. बाबा कामावरून उशिरा येत असले की ते मुद्दाम खुर्ची घेऊन आमच्या पायरीशी येऊन बसायचे, काही बोलायचे नाहीत, रेडिओवर मॅच लावायची आणि बसायचं. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की जॅकी रॉबिन्सन, मेजर लीगमधला आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, डॉजर्सच्या मेन टीममध्ये यायच्या आदल्या वर्षी, १८ एप्रिल १९४६ ला, त्यांच्या खालच्या टीमकडून, माँट्रियल रॉयल्सकडून पहिली मॅच खेळला ती आमच्याच शहरात, रूझवेल्ट स्टेडियमवर. पाचात चार हिट, त्यात एक तीन रनांचा होमरन, दोन बेस चोरले, १४-१ ने मॅच खिशात. मी तिथे होतो म्हणायचे. आता स्टेडियम पंचवीस हजारांचं, मेयरने तिकिटं खपवली त्याच्या दुप्पट, त्यामुळे जर्सी सिटीतला त्या वयाचा प्रत्येक जण "मी होतो" म्हणतो, पण यांच्यावर माझा विश्वास आहे कारण ते स्कोअर कधीच बदलायचे नाहीत. स्टेडियम मी जायच्या आदल्या वर्षीच पाडलेलं. एका हिवाळ्यात मी त्यांच्या दारातला बर्फ काढला तर पैसे न देता त्यांनी आतून रॉबिन्सनचं १९५६ चं टॉप्स कार्ड आणून दिलं. आडवं कार्ड, पुढे त्याचा मोठा चेहरा आणि मागे तो होमप्लेटकडे घसरतोय. त्यांच्या मुलाचं होतं, मागे पेन्सिलीने त्या मुलाची आद्याक्षरं.

तर हे सगळं पस्तीसेक वर्षं तळघरात. आणि कसं, तर बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यांत, बाबांनी ऑफिसमधून आणलेल्या रबर बँडात बांधून, आईने वर डांबरगोळ्या टाकून. कार्डांना अजून गोदरेजच्या कपाटासारखा वास येतो.

किंमत काढायची म्हणजे पहिलं काम साल ओळखणं, आणि ते बहुतेक वेळा कार्डावर सरळ लिहिलेलं नसतं किंवा इतकं बारीक असतं की आमच्या वयाला दिसत नाही. सोपी युक्ती म्हणजे मागच्या आकड्यांची शेवटची ओळ बघायची, ती १९८६ ची असेल तर कार्ड १९८७ चं. असे ढीग केले. ढीग करतानाच अंदाज आला की माझा नव्वद टक्के खजिना १९८६ ते १९९१ मधला आहे, म्हणजे ज्याला या धंद्यात सरळ जंक वॅक्स, मेणकागदी पाकिटांतला कवडीमोल माल, म्हणतात तो. कारण असं की १९८० पर्यंत टॉप्सची जवळपास मक्तेदारी होती, मग कोर्टाच्या निकालानंतर १९८१ पासून फ्लीर आणि डॉनरस या कंपन्या उतरल्या, पुढे स्कोअर आला, अपर डेक आला, आणि सगळ्यांनी मिळून छापखाने दिवसरात्र चालवले. १९८८ चं डॉनरस तर इतकं छापलंय की आजही सीलबंद बॉक्स फुकटात दिल्यासारखे मिळतात.

आणि दुसरं म्हणजे ती कार्डं कोणी टाकलीच नाहीत. १९५० च्या दशकातल्या पोरांनी कार्डं सायकलच्या स्पोकमध्ये चिमट्याने लावली, फटफट आवाज यावा म्हणून, आणि पोरगं कॉलेजला गेलं की आयांनी उरलेली कचऱ्यात घातली. खुद्द टॉप्सच्या साय बर्गरने न खपलेली १९५२ ची खोकी १९६० मध्ये बार्जवरून अटलांटिकमध्ये बुडवली, तीसुद्धा न्यू जर्सीच्याच किनाऱ्याबाहेर. म्हणून मँटल महाग. आमच्या वेळेपर्यंत सगळ्यांना हे किस्से पाठ झालेले, जेम्स बेकेटचं दरपत्रकाचं मासिक १९८४ पासून सुरू झालेलं, त्यात भाव चढला की वर बाण, उतरला की खाली बाण, दहा वर्षांची पोरं शेअर ब्रोकरसारखी बोलायची. प्रत्येकाने जपून ठेवलं. आमच्या आईने तर दुधाचे रिकामे कॅनसुद्धा जपून ठेवलेत, कार्डांचं काय घेऊन बसलात.

भाव बघायला आता ईबे, पण तिथे लोक मागतात काय ते नाही बघायचं, विकलं गेलेल्याचा फिल्टर लावायचा. हे नीट लक्षात घ्या, कारण मागणारे १९८७ च्या साध्या कार्डाला पन्नास हजार डॉलर पण मागतात आणि तो आकडा बघून माझ्या बहिणीने लगेच हिश्श्याची भाषा सुरू केली होती. विकलेलं बघितलं तर तेच कार्ड दीड डॉलर, वर शिपिंग.

डब्याच्या तळाशी मिकी मँटल निघाला. १९५२, नंबर ३११, खांद्यावर बॅट, निळं आभाळ. दोन मिनिटं मी काही बोललोच नाही. मग रॉबिन्सनचं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं आणि खेळ संपला, कारण १९५२ ते ५६ ची टॉप्स कार्डं मोठी असायची, पावणेचार इंच उंच, १९५७ पासून साडेतीन इंचाची झाली, आणि हा मँटल रॉबिन्सनपेक्षा पाव इंचाने बुटका. उलटं करून भिंग लावलं तर लिहिलेलंच होतं, रीप्रिंट. टॉप्सने १९८३ मध्ये तो जवळपास अख्खा सेट परत छापून विकला होता. असो.

ती जास्तीची पाव इंच उंचीच रॉबिन्सनला नडली पण. आमच्याकडच्या अल्बमचे खिसे नेहमीच्या मापाचे, त्यात ते बसत नाही, मग कोपरे आत ढकलले जातात, आणि ते माझ्याकडे यायच्या आधीच झालेलं होतं. चारी कोपरे गोल, डावीकडे एक हलकी घडी जी समोरून दिसत नाही पण टेबल लॅम्पखाली तिरकं धरलं की केसासारखी चमकते. मागची तीन छोटी कार्टून चित्रं मात्र एकदम ताजी. मी ते घेऊन एका कार्डाच्या दुकानात गेलो, नाव नको, त्या माणसाने डबा उघडून आधी वास घेतला, मग पाच मिनिटं पत्त्यासारखं पिसून सगळ्या डब्याचे मिळून साठ डॉलर म्हणाला, रॉबिन्सन त्यातच धरून. वर सल्ला, पेन्सिल रबराने पुसून टाक, भाव वाढेल. मी नमस्कार करून निघालो.

मग पीएसएला पाठवायचं ठरवलं. ही १९९१ ची कॅलिफोर्नियाची कंपनी, कार्ड खरं का खोटं आणि कापलंय का ते तपासतात, एक ते दहा ग्रेड देतात आणि जाड प्लास्टिकमध्ये सील करून परत पाठवतात. इथे डोकं ठिकाणावर ठेवायचं, कारण एका कार्डाच्या ग्रेडिंगला जेवढी फी जाते तेवढी जंक वॅक्समधल्या बहुतेक कार्डांची किंमतच नसते. शेवटी मोजकीच निवडली. रॉबिन्सन, केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं अपर डेक, आणि डॉन मॅटिंगलीचं १९८४ चं डॉनरस, ज्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत त्यामुळे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ग्रिफीचं कार्ड तुम्ही बघितलं असेल, सेटमधलं एक नंबर, त्यातला फोटो मुळात त्याच्या मायनर लीगच्या टीमच्या कपड्यातला आहे, त्याच्या मेजर लीगच्या टीमची, मरिनर्सची, टोपी नंतर रंगवलेली.

पाठवताना ऑनलाइन फॉर्म, प्रत्येक कार्डाची अंदाजे किंमत टाकायची, त्यावरून फी ठरते. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, मग अर्धवट लवचिक होल्डरमध्ये, कडक टॉपलोडरमध्ये नको कारण काढताना कोपरा लागतो. रॉबिन्सनला मोठ्या मापाचं पाकीट वेगळं मागवावं लागलं. मग दोन पुठ्ठ्यांमध्ये सँडविच, रंगारी वापरतात ती निळी टेप, पार्सलचा इन्शुरन्स. बायको म्हणाली, "पासपोर्ट पण एवढा जपून पाठवला नव्हतास."

उन्हाळा सरला तेव्हा निकाल आले. मॅटिंगली अस्सल, पण फोटो बॉर्डरीत एका बाजूला सरकलेला, ७. ग्रिफी ८. हे वाचून आनंद व्हायच्या आधी सांगतो, या ग्रिफीची पीएसए १० मिळालेली कार्डंच चार हजारांच्या वर आहेत, आणि १० वालं हजारांत जातं तर ८ वालं शंभरेक डॉलरच्या आसपास. मधला फरक कोपऱ्यावरचा एक पांढरा ठिपका, जो मला अजून दिसलेला नाही. रॉबिन्सन ३, पुढे एमके, म्हणजे कार्डावर खूण आहे, ती पेन्सिल. खूण मोजू नका असं आधी सांगता येतं, पण मग ग्रेडच खाली देतात. तरी त्या ग्रेडलासुद्धा काहीशे डॉलरचं गिऱ्हाईक आहे, म्हणजे डब्याचे साठ म्हणणाऱ्याला काय ते समजा.

मॅटिंगली आणि ग्रिफी विकले, फी आणि शिपिंग जाऊन उरलं त्यात आई-बाबांच्या सामानाच्या ट्रकचं भाडं कसंबसं निघालं. बाबांनी हिशोब मागितला, मी दिला, ते म्हणाले, "ठीक आहे, तोटा नाही झाला." रॉबिन्सन विकायचा नाही असं ठरलंय, त्या आजोबांचा मुलगा कुठे आहे ते शोधतोय, आद्याक्षरं त्याचीच आहेत. बिली रिपकेनचं १९८९ चं फ्लीर पण ठेवलं, ज्यात त्याच्या बॅटच्या बुंध्यावर शिवी लिहिलेली तशीच छापली गेली होती, आईने ते इतकी वर्षं डांबरगोळीसकट सांभाळलंय आणि तिला अजून ते सांगितलेलं नाही.

बाकीची कार्डं आता माझ्या गॅरेजमध्ये आहेत. आमच्या इथल्या लिटल लीगच्या कोचला विचारलं तर तो म्हणाला त्याच्याकडेच आठ खोकी आहेत, मलाच देऊ का. कोणाच्या मुलांना १९८८ चं डॉनरस हवं असेल तर खरंच कळवा, हवं तेवढं घेऊन जा, शिपिंग तेवढं तुमचं.