टिटवीची डायरी : विजयदुर्गात चार रात्री

‘टिटवी’ या आमच्या शिडाच्या बोटीतून रत्नागिरीहून पहाटे साडेपाचला निघालो. मतलई (पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) छान लागली होती, दोन्ही शिडं भरलेली, साडेचार नॉट (म्हणजे तासाला तेवढे नॉटिकल मैल) आरामात मिळत होते. अंतर साधारण २६ नॉटिकल मैल, म्हणजे दुपारच्या जेवणाला विजयदुर्ग, असा आमचा हिशेब. पोचलो संध्याकाळी पाचला.

नऊच्या सुमारास वारा पडला, म्हणून इंजिन लावलं. आंबोळगडाच्या अलीकडे इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. मागे वाकून पाहिलं तर पाण्यात निळा नायलॉनचा दोर हिरवट दिसत होता. प्रोपेलरमध्ये जाळ्याचा दोर. ज्यांना हे अजून झालेलं नाही त्यांना एकच सांगते : ‘एकदा परत स्टार्टर मारून बघू’ हा मोह टाळा. दोर सुटत नाही, प्रोपेलर फिरवणाऱ्या शाफ्टचं मात्र वाटोळं होतं.

आमचे तांडेल (घरात नवरा, बोटीवर तांडेल) कमरेला दोर बांधून उतरले. त्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. बोटीवरचे दोर कापायची, चांगली महागाची रिगिंगची सुरी चालेना. पीळ घर्षणाने वितळून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, पातं नुसतं घसरत होतं. शेवटी वर डोकं काढून ओरडले, “अगं, ती पावाची दे!” दाते असलेल्या पावाच्या सुरीने काम झालं. अकरा बुड्या, चाळीस मिनिटं. जाळं कुणाचं तरी पोटापाण्याचं होतं, म्हणून कापलेली दोन्ही टोकं शीट बेंडच्या गाठीने जोडून परत पाण्यात सोडली. तेव्हापासून पावाची सुरी कॉकपिटमध्येच असते आणि पाव हाताने तोडतो.

आता मुद्द्याचं. विजयदुर्गावर आम्ही गाडीने तीनदा गेलो होतो. तिहेरी तटबंदी, सत्तावीस बुरूज वगैरे गाइडच्या तोंडून ऐकून झालं होतं. पण किल्ला त्या जागी का आहे, हे कळलं ते डेप्थ साउंडरच्या, म्हणजे पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांवरून. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. भरतीची वाट बघा, लाटा कुठे फुटतात ते बघा, मग जीव मुठीत धरून आत शिरा. विजयदुर्गाच्या, म्हणजे वाघोटनच्या खाडीला तो दांडाच नाही. किल्ला उजव्या हाताला ठेवून आत वळलो, ओहोटी चालू होती, आणि आकडा पाण्यात १.४ मीटर खोल जाणाऱ्या आमच्या कीलला (बोटीच्या तळाखालच्या उभ्या पात्याला) घाबरवेल इतका एकदाही खाली आला नाही. कुठल्याही हवेत, अगदी पावसाळ्यातही आत येता येतं अशी या बंदराची जुनी ख्याती आहे, ती उगाच नाही. फक्त किल्ल्याच्या पश्चिमेला लांबून वळसा घ्या. तिकडे पाण्याखाली भिंत आहे, सुमारे १२२ मीटर लांबीची. ती कुणी आणि कधी घातली यावर तज्ज्ञांनी वाद घालावा, आपण कील सांभाळावा.

पहिला नांगर चुकीच्या जागी टाकला. शेजारून जाणाऱ्या होडीतले एक काका ओरडले, “वैनी, हय नको, थय टाका!” आणि हाताने किल्ल्याच्या पूर्वेची जागा दाखवली. निमूट उचलला आणि थय टाकला. सुकतीला (पूर्ण ओहोटीला) साडेचार मीटर पाणी, तळाला चिकट गाळ, साखळी तीस मीटर. चारही रात्री टिटवी जागची हलली नाही. दुपारचा वायव्येचा वारा किल्ला अंगावर घेतो, आपल्यापर्यंत नुसती झुळूक येते. दुसऱ्या दिवशी बुरुजावर चढून खाली पाहिलं : एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला आमची डोलकाठी. समुद्रातून येणाऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं.

मराठा सरदार आंगऱ्यांचं सगळं आरमार इथे लपत असणार हे खरं, पण ते जळलंही इथेच. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा आणि रॉबर्ट क्लाइव्हची फौज तुळाजी आंगऱ्यांवर चालून आली. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती, तीही इंग्रजांच्या बाजूने. हे आपण शाळेत जरा घाईने वाचतो. आंगऱ्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं ‘रेस्टोरेशन’ जहाज बंदरात होतं. त्याच्यावर तोफेचा गोळा पडला, ते पेटलं आणि आग पसरत गेली. जहाजं जवळजवळ बांधलेली होती. रात्री डेकवर बसून आम्ही शेजारच्या ट्रॉलरपासूनचं अंतर मोजलं : चाळीस मीटर. एरवी ते भरपूर वाटतं.

मला सगळ्यात आवडली ती इथली जहाजदुरुस्तीची जुनी गोदी. किल्ल्यापासून खाडीने आत तीनेक किलोमीटरवर, आंगऱ्यांची म्हणून ओळखली जाते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उधाणाच्या भरतीला, अकराच्या सुमारास, डिंगी (बोटीसोबतची छोटी होडी) घेऊन वल्हवत गेलो. साडेतीनशे फुटांच्या आसपास लांबी आहे, पण आत गाळ भरलाय. वल्हं तळाला टेकवलं तर कोपरापर्यंत चिखल आला. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बूड उघडं पडतं, मग घासा, डागडुजी करा, पुढच्या भरतीला बाहेर. क्रेन नाही, बिल नाही. टिटवीचं बूड गेल्या वर्षी एका यार्डात घासून घेतलं त्याचं बिल आठवून मी बराच वेळ गप्प होते. अर्थात गुराबा-गलबतांचे, म्हणजे आंगऱ्यांच्या जहाजांचे, तळ उथळ, त्यामुळे त्यांना हे जमायचं. आपली फिन कील गाळात बसवली तर बोट आडवीच होईल.

बाकी उरकते. पाणी धक्क्यावरून कॅन वाहून भरलं, साठ लिटर. सागरी पोलीस येऊन कागद बघून गेले, मूळ प्रती जवळ ठेवा. जेवण एका घरगुती खानावळीत, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. दोन दिवस तेच, तक्रार नाही. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम इथे शोधला असं सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता, त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. भारतात त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, तोही गुंटूरला. गाइडला मी हे सांगितलं. ते म्हणाले, “ताई, ओटे तर हयच आसत ना!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाचव्या दिवशी पहाटे पाचला देवगडसाठी नांगर उचलायला घेतला. अकराच मैल जायचं, म्हणून निवांत होतो. नांगर येईना. साखळी ताठ उभी, नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली वाकलेली, तांडेल घामाघूम. वीस मिनिटं इंजिनाने हळूहळू पुढे-मागे केल्यावर तो एकदम सुटला आणि वर आला तेव्हा फाळांवर घागरभर काळा गाळ होता. धुवायला बादली मारली, तर त्यातून बोटभर खेकडा निघून डेकवर आडवा पळाला. मतलई होतीच. शिडं वर, इंजिन बंद, किल्ला आता डाव्या हाताला.