पावसातली रेती आणि एम-६०

फोंड्याजवळच्या आमच्या प्लांटवर एम-६० काँक्रीट (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन दाब सोसणारं) करायला घेतलं, ते ऐन आषाढात. खडी जवळच्याच क्रशरची, काळी, टणक. आमचा तांबडा चिरा भिंतीला उत्तम, पण एवढ्या ताकदीच्या काँक्रीटच्या खडीला तो मऊ पडतो. नदीची रेती नकोच म्हटलं, दगड फोडून केलेली क्रश सँड घेतली.

पहिले क्यूब, म्हणजे चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे, ६०च्या जागी ४८ वरच फुटले. रात्रभर झोप नाही. सकाळी रेतीचा ढीग मुठीत दाबला, तर बोटांतून पाणी आलं. तव्यावर भाजून वजन केलं: ५ टक्के ओल. घनमीटरला ७०० किलो रेती, म्हणजे ३५ लिटर पाणी न मोजता आत गेलेलं. आणि आमचं एकूण पाणीच १४४ लिटर, ४८० किलो सिमेंट-स्लॅगला (स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी)! पाण्याचं सिमेंट-स्लॅगशी ०.३०चं गुणोत्तर तिथंच बिघडलं.

आता ढिगावर पत्रे घातलेत, दर पाळीला ओल मोजतो, तेवढं पाणी कमी करतो. स्लॅग मात्र सोडणार नाही. खाऱ्या वाऱ्यातलं, लोखंड गंजवणारं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला त्यानं उशीर लागतो. परवाचे २८ दिवसांचे तिन्ही क्यूब ७०च्या वर गेले. फुटलेला एक तुकडा टेबलावर ठेवलाय, भेग खडीला वळसा न घालता थेट खडीतून गेलेली, म्हणजे भोवतालचा सिमेंटचा लगदा खडीइतकाच घट्ट.