अठरा थाऊ

रविवार, ११ जानेवारी २०२६. रात्री

आज क्लबाबरोबर नाशिकहून त्र्यंबकला जाताना महिरावणीच्या अलीकडे गाडी बंद पडली. आधी दोन-तीन हिसके दिले, मग पाय दाबून धरला तरी इंजिन ओढेना. कशीबशी डावीकडे कच्च्यावर घेतली. सकाळचे साडेसात, काचेवर दव, समोर अंजनेरीचा डोंगर धुक्यात अर्धाच दिसत होता. सातपूर सोडल्यापासून पेट्रोलचा वास येत होता आणि मी मनाला समजावत होते की पुढच्या जीपचा असेल.

पाच मिनिटांत सगळ्या गाड्या थांबल्या. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात हा एक नियम कुणी कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. एकाची गाडी थांबली की पुढचे मागे येतात, मागचे जागीच थांबतात. डॉजवाल्या काकांनी त्यांची ती भलीमोठी किंग्जवे माझ्या मागे आणून लावली, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकांना आधी ती दिसावी. हेराल्डवाल्या वहिनींनी थर्मास काढला. क्लबात माणसं गाडीच्या नावाने ओळखली जातात. माझी गाडी फियाट डिलाइट, म्हणून मी डिलाइटवाल्या ताई. चार वर्षं झाली, काहींची आडनावं मला अजून माहीत नाहीत. पण कुणाच्या गाडीला थंडीत किती चोक लागतो ते सांगता येईल.

पद्मिनीवाला मुलगा आमच्यात सगळ्यात लहान, तिशीचाही नसेल. बोनेट उघडल्यावर त्याने कुठेही हात न लावता सांगितलं, "ताई, आधी ऑइलची पट्टी काढा आणि वास घ्या." घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास! पेट्रोलच्या एसी पंपाचा डायफ्राम फाटला होता. हा पंप इंजिनाच्या कॅमवर, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर, चालतो. आतला रबरी पडदा वरखाली होत टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरला पोचवतो. पडदा फाटला की तेच पेट्रोल खाली इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. तसंच दामटलं असतं तर बेअरिंगं गेली असती. वास येत असूनही मी सात-आठ किलोमीटर दामटलंच होतं, याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

त्याने स्वतःच्या डिकीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेला पंप काढला. त्याची पद्मिनी १९९६ची, माझी डिलाइट १९६६ची. मध्ये तीस वर्षं, आणि पंप तोच! प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली डिलाइट निघाली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसीचं. एकच गाडी इतकी वर्षं लोकांच्या गळ्यात मारली म्हणून त्या काळाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं खोटं नाही. पण आज रस्त्याच्या कडेला, दोन नट आवळून तीस वर्षं धाकट्या गाडीचा पंप माझ्या गाडीला चपखल बसला, तेव्हा मला त्या कारखान्याचा फार आधार वाटला.

शेजारच्या वस्तीवरून घमेलं मागून आणलं, जुनं ऑइल त्यात काढलं, जीपवाल्यांकडच्या कॅनमधलं नवं भरलं. तासभर गेला. त्र्यंबकला जायचं राहिलं. परतताना सगळे मिसळ खायला थांबले आणि तीन जणांनी मला वेगवेगळं बजावलं की वास आला की थांबायचं.

सोमवार, १२ जानेवारी

फाटलेला डायफ्राम टेबलावर कागदात ठेवलाय. फुगलाय, कडेने मऊ पडलाय, बोटाला काळं लागतं. दोन वर्षांपूर्वीच बदललेला, म्हणजे म्हातारपणाने गेलेला नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो.

क्लबात या विषयावर माणसं तावातावाने बोलतात. मला तसं बोलता येत नाही. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं, मामांचा ऊस होता. उसाला त्यातून चार पैसे जास्त मिळत असतील तर मी कोणत्या तोंडाने विरोध करू? गाडीलाच सोसेल असं काहीतरी केलं पाहिजे. इथेनॉल सोसणारे पाइप आणि डायफ्राम मिळतात, ते मागवले. आणि टाकीत पेट्रोल शिळं होऊ द्यायचं नाही, म्हणजे गाडी चालती ठेवायची.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

संध्याकाळी चाचांकडे तिळगूळ द्यायला गेले. जुन्या नाशकात, एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. गाडी एकच मावते, दुसरी आली की रस्त्यावर. मी हातावर वडी ठेवली तर म्हणाले, "तिळगूळ दिलास, आता डोळे पण दे."

मला वाटलं चेष्टा. तसं नव्हतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, आणि जवळचं बारीक काम आता दिसत नाही. गाडी सुरू ठेवून मिनिटभर त्यांनी नुसती ऐकली. मान एका बाजूला कलती, हात मडगार्डवर टेकलेला. मग म्हणाले, "पॉइंट बसलेत. उघड."

मी डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, दोन्ही क्लिपा काढल्या, कॅप बाजूला केली, रोटर उपसून खिशात ठेवला. कॉन्टॅक्ट पॉइंट म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या दोन इवल्याशा चकत्या, शर्टाच्या बटणाहूनही लहान. एकीवर टोक आलं होतं, दुसरीला तेवढाच खड्डा. ठिणगीने एकीचा धातू दुसरीवर नेऊन बसवलेला. चाचांना मी हे सांगत होते आणि ते डोळे मिटून "हां, हां" म्हणत होते. पॉलिश पेपरने टोक घासलं, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं. मग चौथा गिअर टाकून मी आणि चाचांचा नातू गाडी ढकलू लागलो, इंचइंच, कॅमच्या टोकाने पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत. "थांबा," चाचा म्हणाले. कुणी सांगायच्या आत त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं होतं.

आता फीलर, म्हणजे पॉइंटांमधली फट मोजायच्या पातळ पात्या. आमच्या गाडीला चाचा अठरा थाऊ ठेवतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अठराची पाती मी मध्ये घातली तर ती आत जाईचना. पॉइंटाची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. स्क्रू सैल केला, पट्टी किंचित सरकवली, आवळला. आवळताना पुन्हा सरकली. चार वेळा तसंच झालं. चाचा रागावले नाहीत, घाईही केली नाही. एवढंच म्हणाले, "पाती अडकली तर कमी, सळसळ गेली तर जास्त. ओढताना हाताला जरा धरल्यासारखं वाटलं की बस."

पाचव्या वेळी तसं वाटलं. मी पाती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घालून हळूच ओढली आणि तोंडात वडी टाकली.

हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय, कारण ही गाडी १९८३ साली घरी आली आणि मी हे पहिल्यांदा २०२६ मध्ये केलं. भाऊ, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. एका डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची. दर रविवारी ते बोनेटमध्ये वाकलेले असत आणि मी पान्हे द्यायला उभी. दहा-अकराचा पान्हा न बघता हाताला ओळखू यायचा. पण पॉइंटना त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही आणि मीही कधी मागितलं नाही. २०१५ साली ते गेले. पुढची सहा वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. नंतर एका गॅरेजला दिली तर त्यांनी सात महिने अडकवून ठेवली आणि न विचारता मूळचा रंग खरवडला. क्लबात मी आले ती त्या रडकुंडीला आल्यावर, आणि क्लबाने पहिली कुठली गोष्ट केली असेल तर मला चाचांच्या बोळात आणून सोडलं. बोनेट उघडल्या उघडल्या चाचा म्हणाले होते, "ही तर प्रेसवाल्या साहेबांची." नंबर पाहिलाही नव्हता.

निघताना चाचा म्हणाले, जुने पॉइंट मिळाले की ठेवून घे. "टॅक्सी होत्या तोवर पार्ट होते." मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला बंद झाली तेव्हा सगळ्यांनी आठवणी लिहिल्या, मीही हळहळले होते. पण त्या हजारो टॅक्सी रोज पार्ट खात होत्या म्हणून ते बनत होते, आणि म्हणून माझी गाडी उभी होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

रविवार, १८ जानेवारी

आज क्लबाची बैठक. विषय एकच, व्हिंटेज नोंदणी करायची की नाही. केंद्राचा नियम जुलै २०२१चा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. ज्या गाडीला नंबर आहे तिचा जुनाच नंबर राहतो, नव्याने नोंदवायची असेल तिला 'व्हीए' मालिकेतला मिळतो. इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलत होत्या.

अडलं ते पुढच्या कलमावर. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि त्यासाठी जाणंयेणं, एवढंच.

डॉजवाले काका नोंदणीच्या बाजूचे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांची गाडी वर्षातून चारदा निघते. उद्या जुन्या गाड्यांवर आणखी काही नियम आले तर ही मोडीत काढायची गाडी नाही असं सरकारी कागदावर लिहिलेलं असावं, ही त्यांची धडपड. त्यांच्यानंतर मुलाला गाडी सांभाळणं सोपं जावं. त्यांचा आवाज थोडा कापत होता.

मग मी बोलले. बैठकीत मी सहसा बोलत नाही. म्हटलं, दिल्लीत स्टेट्समन वर्तमानपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ साली सुरू झाली, त्याच वर्षी इथे डिलाइट कोरी म्हणून विकायला आली. तेव्हा ती कुणाच्या लेखी जपायची वस्तू नव्हती. भाऊंनी ती भाजी आणायला, आजीला दवाखान्यात न्यायला, मामांकडे निफाडला जायला घेतली. मी आजही गुरुवारी तिने दूध-भाजी आणते, कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदलेत तरी वळसा घालून आणते. ती चालते म्हणून तिच्या टाकीत पाणी साठत नाही, रबरं आखडत नाहीत, आणि तिला काय होतंय ते मला वेळेत कळतं. म्हणजे कळायला हवं, महिरावणीला नाही कळलं. मी साधीच नोंदणी ठेवणार, दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहणार. काका, तुमची गाडी वेगळी आहे, तुम्ही नक्की करा.

काका उठून आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं गुरुवारचं दूध चालू राहू द्या." आणि मग चहा आला.

पद्मिनीवाल्याला पंप परत द्यायला गेले तर घेईना. नवा डायफ्राम टाकून माझा दुरुस्त केलेला त्याला दिला. आता त्याच्या टॉवेलात माझा पंप आहे.

शनिवार, २४ जानेवारी

सोमवारी प्रजासत्ताक दिनाला गाड्या मांडायच्या आहेत. आज धुतली, क्रोमला पॉलिश केलं, आतला सीट झटकला. मग राहवेना म्हणून कॅप काढून पुन्हा फीलर घातला. दहा दिवसांत काय बदलणार! अठरा होता. हाताला जरा धरल्यासारखं वाटलं.

पण सुरू केल्यावर मला आवाजात काहीतरी वेगळं वाटलं, थंड असताना एक बारीकसा टकटक, गरम झाल्यावर गेला. चाचांना फोन लावला, फोन बोनेटमध्ये धरला, इंजिन वरखाली करून ऐकवलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"फोनवर नाही कळत बेटा," ते म्हणाले. "उद्या सकाळी आण. थंड असताना आण."

साडेसहाला निघते.