चार पौंड

ते पोरगं दुकानात चौथ्यांदा आलं तेव्हा मी त्याला चारचौघात झापलं, आणि ते काही डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय.

साताऱ्यात गोडोलीकडं माझं पंक्चर-हवेचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. ही गोष्ट डिसेंबरातली. नवी कोरी मोटरसायकल, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच, हँडलला झेंडूचा हार वाळून लटकलेला. पोरगं एमआयडीसीत कामाला, पहिलीच गाडी. "मामा, मागची हवा कमी होतीय सारखी." आई मागं बसती म्हणाला, म्हणून मी डबलसीटची हवा मारली. चेनकव्हरवर स्टिकर असतो, त्याच्या गाडीला हवेचा दाब पुढं २५ पौंड, मागं एकट्याला २८ आणि डबलसीट ३२. हा स्टिकर वाचणारं गिऱ्हाईक मला महिन्यात एखादं भेटतं, बाकी सगळ्यांचं एकच, "टाईट मारा मामा". एक जण तर पुढं-मागं दोन्हीकडं ४० मारून घेतो आणि पावसात घसरला की रस्त्याला शिव्या घालतो.

तीन दिवसांनी पोरगं परत हजर. सकाळी २५ दाखवतंय म्हणाला आणि खिशातून हवा मोजायचं पेनासारखं गेज काढलं, ऑनलाईन मागवलेलं. मला हसूच आलं. तरी चाक बघितलं नीट. ट्यूबलेसला खिळा दिसला तर सोपं असतं, भोकात रबराची दोरी भरली की झालं, पण नुसतीच हवा उतरत असली की खरी परीक्षा. आधी साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडावर लावायचं, बुडबुडा फुगतो का बघायचं. मग व्हॉल्व्ह बोटानं चारी बाजूंनी वाकवून परत पाणी, कारण रबर बुडाशी चिरलं असलं तर सरळ उभं असताना काहीच दिसत नाही, वाकवलं की मग फेस येतो. हे नव्या पोरांना शिकवूनही कळत नाही, घाई असते. मग रिमच्या कडेनं दोन्ही बाजूंनी हळूहळू चाक फिरवत जायचं, तिथं बुडबुडे मोहरीएवढे येतात आणि एकेकाला मिनिट मिनिट लागतं. सगळं केलं. काही नाही.

तिसऱ्या खेपेला व्हॉल्व्हची पिन बदलली, टायरची कड रिमपासून सोडवून रिम घासून पुसून परत बसवली. पैसे घेतले, कामाचे घेणारच की. नव्या टायरला घासण्यासारखं काय होतं म्हणा.

चौथ्यांदा आला तो रविवार, दुकानात गर्दी. आईला घेऊन यवतेश्वरचा घाट चढला होता, वळणावर मागनं गाडी डुलत होती म्हणाला, आई घाबरली. आणि मग हळूच, "मामा, तुमचंच गेज एकदा बघा की चेक करून."

झालं. मी म्हटलं, आरं गाडी तू काल घेतलीस आणि मला शिकवतोस व्हय? रोज सकाळी उठून ते पेन खुपसतोस, प्रत्येक वेळेला फुस्स होतं, तिथंच तुझी हवा जाते. सगळे हसले. पोरगं काही बोललं नाही, वीस रुपये ठेवले आणि गेलं.

आता मी बोललो ते अगदी खोटं पण नव्हतं. मोटरसायकलच्या टायरमध्ये हवा असती किती, गेज लावताना जरा तिरकं लागलं तरी अर्धा पौंड सहज जातो.

संध्याकाळी दुकान आवरताना पाईप गुंडाळून खुंटीला लावला आणि कशी कोण जाणे नजर गेजवर गेली. पाईप कशाला जोडलेला नाही, आत हवा नाही, आणि काटा चारवर उभा. टिचकी मारली. चारवरच. एवढी वर्षं मी काटा बघतोय, पण हवा भरतानाच बघतोय, रिकामा असताना कोण बघतं.

दोनेक वर्षांमागं एका टेम्पोत पाईप अडकून हे गेज फरशीवर आपटलं होतं. काच फुटली, ती मी बदलून आणली आणि परत लावलं. आत एक वाकडी पितळी नळी असते, हवा शिरली की ती सरळ व्हायला बघते आणि त्या ओढीनं काटा फिरतो. ती नळीच थोडी उघडली असणार. दुसऱ्या दिवशी पोवई नाक्यावरनं नवं गेज आणलं, माझ्याच गाडीला दोन्ही लावली. नवं २८, जुनं ३२. खात्री पटेना म्हणून पेट्रोल पंपावरच्या डिजिटल मशीनवर गेलो, तिथंही २८. म्हणजे पोराचं पेन बरोबर होतं.

मग रात्री हिशोब लागला. मी ३२ म्हणून मारली ती खरी २८. तीही दुपारी, गाडी उन्हातून पळून आलेली, टायर गरम. पहाटे थंडी, पंधरा-सोळा अंशांचा फरक पडला की दोन-सव्वादोन पौंड असेच बसतात. उरलेला अर्धा-पाऊण त्याच्या पेनानं खाल्ला. पंचवीस. बरोब्बर पंचवीस, तो म्हणत होता तेच. आणि मी बुडबुडे शोधत बसलो होतो.

इथवर ठीक होतं, पण मला ट्यूबा आठवायला लागल्या. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि बुडाशी फाटतो. तशा ट्यूबा या दोन वर्षांत माझ्याकडं बऱ्याच आल्या. व्हॉल्व्हपाशी फाटलेल्या ट्यूबला पंक्चर लागत नाही, नवीच घालावी लागते. मी प्रत्येकाला सांगत होतो, हल्लीचा माल हलका येतोय. आणि टायरची मधली नक्षी शिल्लक, दोन्ही कडा मात्र गुळगुळीत, असले टायर बघून म्हणायचो, लोड जास्त टाकता तुम्ही. सगळ्यांनाच माझी हवा कमी होती असं नाही, पण कोणाकोणाला होती ते आता कसं कळणार. वाण्याच्या वजनकाट्याला शिक्का मारून घ्यावा लागतो, माझ्या काट्याकडं आजवर कोणी बघितलं नाही. मी पण नाही.

पोरगं परत आलं नाही. दुसरीकडं हवा मारत असेल. त्याचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे, पिन बदलली त्या दिवशीचा. फोन लावायचा म्हणतो आणि राहतंय, फोनवर बोलायचं काय हेच सुचत नाही.

नवं गेज लावून आठवडा झाला असेल, आमचे एक जुने गिऱ्हाईक, रिटायर गुरुजी, नेहमीसारखी तीस मारून गेले. खरी तीस. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "काय मारलंस रे काल, गाडी नुसती उडतीय, कंबर गेली माझी. नेहमीची मार."

मी चार पौंड सोडले. गुरुजी चक्कर मारून आले आणि म्हणाले, आता कशी बरोबर झाली.